प्रतिस्थापन की लोप पद्धत?

दोन चलांची (अज्ञात संख्यांची) दोन समीकरणे सोडवताना एका चलाची किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवायची (प्रतिस्थापन), की समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवायचे (लोप)? रत्नागिरीच्या बाजारात डझनभर हापूसचा भाव (क्ष) एका नारळाच्या भावाच्या (य) २० पट आहे, आणि दोन डझन हापूस व पाच नारळ मिळून १३५० रुपये होतात, असे मानू. येथे क्ष = २०य हे आयतेच हाती असल्याने प्रतिस्थापनाने ४५य = १३५०, म्हणजे नारळ ३० आणि हापूस ६०० रुपये, हे दोन ओळींत सुटते; लोप पद्धत उगाच लांबण लावते.

मात्र पहिल्या अटीऐवजी ३क्ष + ४य = १९२० दिले, तर प्रतिस्थापनात छेदस्थानी ३ येऊन अपूर्णांकांचा घोळ होतो. त्याऐवजी या समीकरणाला २ ने, २क्ष + ५य = १३५० ला ३ ने गुणून वजाबाकी केली, की ७य = २१० उरते. एखाद्या चलाचा सहगुणक (त्याला गुणणारी संख्या) १ असेल, तरच मी प्रतिस्थापन निवडेन.