एमए-१० की एच२९५आर? स्टेरॉइडच्या प्रकल्पासाठी कोणत्या पेशी घ्याव्यात

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एमए-१० आणि एच२९५आर या प्रयोगशाळेत वाढवायच्या दोन पेशीप्रकारांत अडकलेल्यांनी आधी ठरवावं: नियंत्रणाचा कोणता टप्पा बघायचा आहे? पेशी स्टेरॉइडचा, म्हणजे कोलेस्टेरॉलपासून बनणाऱ्या संप्रेरकांचा, मोठा साठा करत नाहीत. संदेश आला की बनवतात, म्हणून नियंत्रण बनवण्याच्या टप्प्यांवर असतं.

एमए-१० या उंदराच्या वृषणातल्या, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींच्या गाठीतून आलेल्या. एलएच किंवा एचसीजी ही संप्रेरकं दिली की पेशीच्या आत संदेश नेणारा सीएएमपी हा रेणू वाढतो, स्टार नावाचं प्रथिन तयार होतं आणि कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलापर्यंत पोचतं, जिथे त्याचं स्टेरॉइड होऊ लागतं. वेग ठरतो तो इथेच. स्टारचा जनुक १९९४ मध्ये याच पेशींतून हाती लागला. माझ्या मते याहून मोठी शिफारस नाही. मात्र कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड बनण्याची साखळी इथे मुख्यतः प्रोजेस्टेरॉनपाशी थांबते.

एच२९५आर माणसाच्या अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या, अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या कर्करोगातल्या. अल्डोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, अँड्रोजन ही सगळी स्टेरॉइड संप्रेरकं बनवतात. अल्डोस्टेरॉन वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ (एक संप्रेरक) आणि पोटॅशियमला छान प्रतिसाद. कॉर्टिसॉल बनवायला सांगणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाला क्षीण, म्हणून त्याऐवजी सीएएमपी थेट वाढवणारं फोर्सकोलिन वापरतात. वाढतात सावकाश.

कोलेस्टेरॉलची वाहतूक अभ्यासायची तर एमए-१० घ्या. एखादं रसायन पुढच्या कोणत्या एन्झाइमला अडवतं हे तपासायचं तर एच२९५आर. रसायनांच्या चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४५६ क्रमांकाची चाचणी त्यांच्यावरच बेतलेली आहे.