वणव्यासाठी मोठं विमान मागायचं की छोटं? खानापूरच्या हिशेबाने

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडची पोरं वणव्याबद्दल निवेदन द्यायच्या तयारीत आहेत आणि मागणी काय, तर ऑस्ट्रेलियात लाल रंगाचं काहीतरी सोडत जातं तसलं मोठं विमान. व्हिडिओ बघितला की कुणालाही तेच पाहिजे वाटणार. "मागायचंच तर मोठं मागूया की!" बरोबर आहे, पण आधी हिशेब बघा.

आग विझवायला बदललेल्या बोईंग 737 मध्ये 15,000 लिटर बसतं, डीसी-10 मध्ये 35,000 च्या वर. छोटं म्हणजे एअर ट्रॅक्टर 802, मूळचं शेतात फवारणी करणाऱ्या विमानांच्या घराण्यातलं, त्यात 3,000 लिटर. एवढं ऐकून लोक निकाल लावतात. पण पोटात किती मावतं ते सोडा, तासाभरात आगीवर किती पडतं ते बघा. छोट्याला जवळपास एक बरी धावपट्टी आणि पाण्याचा टँकर मिळाला आणि तासाला पाच खेपा झाल्या की 737 च्या एका खेपेएवढं पाणी पडलं, आणि तेसुद्धा पाच वेगवेगळ्या ठिकाणी, जिथं नुकतं पेटलंय तिथंच. तरंगे लावलेलं मॉडेल तर पाण्यावरून सरकत सरकतच टाकी भरून घेतं, फक्त त्याला किलोमीटरभर मोकळं सरळ पाणी लागतं.

मोठं काही कामाचं नाही असं अजिबात नाही हं. ते लाल म्हणजे अमोनियम फॉस्फेटचं मिश्रण, दिसावं म्हणून त्यात रंग, आणि ते आगीवर नाही तर आगीच्या पुढ्यात टाकतात, पट्टा मारल्यासारखं. पाणी वाळून जातं पण हे गवताला चिकटून राहतं आणि वाळलं तरी काम करतं. आग कित्येक किलोमीटर लांब, जमीन उघडी, अंतर शेकडो किलोमीटर, तिथं याच्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून तर न्यू साउथ वेल्सने 2019 मध्ये स्वतःचं 737 घेतलं. पण पुढे वाट दाखवायला वेगळं छोटं विमान लागतं, मिश्रण भरायचा तळ लागतो, आणि एवढं धूड धुरात, डोंगराजवळ, इतक्या खाली उडवणं म्हणजे जिवाशी खेळ. जानेवारी 2020 मध्ये तिकडे ऑस्ट्रेलियात हर्क्युलिस नावाचं असंच मोठं विमान कोसळून तिघं गेले, फेब्रुवारी 2023 मध्ये एक 737 पडलं, त्यातले दोन्ही पायलट वाचले ते नशीबच.

आता आपल्याकडे या. बेळगावच्या विमानतळावर, सांबऱ्याला, एअरबस उतरतं म्हणजे धावपट्टीचा प्रश्न नाही, पण भीमगडच्या जंगलात आणि चोर्ला घाटाच्या दऱ्यांत हे मोठं विमान खाली कसं येणार? आणि आपली आग बहुतेक जमिनीवरच्या पाचोळ्याची, वर दाट झाडी, वरून टाकलेलं अर्धं शेंड्यांवरच अडकतं. वरच्या सड्यावरचं, म्हणजे उघड्या पठारावरचं, गवत किंवा काजूच्या बागेची कड पेटली तर गोष्ट वेगळी, तिथं छोटं विमान कामाचं.

पण खरं विचाराल तर आपल्याला दोन्हीपेक्षा बादलीवालं हेलिकॉप्टर बरं. 2019 ला बंदीपूरला हवाई दलाने तेच वापरलं, मार्च 2023 ला इथंच पलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्य पेटलं तेव्हाही एमआय-17 आलं, नौदलाचीही हेलिकॉप्टरं आली. बादली तलावात आडवी होते, भरते, की उचलून सरळ दरीवर. धावपट्टीची भानगड नाही. तोटा एकच, फार खाली आलं तर पंख्याच्या वाऱ्यानेच आग भडकते, त्यामुळे दोर लांब ठेवतात.

पाणी कुठलं घेणार हा मात्र खरा घोळ. राकसकोप धरणाचं पाणी बेळगाव शहराला प्यायला लागतं, हिडकल लांब पडतं, तिलारी जवळ पण ती महाराष्ट्रात. आग कर्नाटकात, पाणी महाराष्ट्रात, धूर गोव्यात, परवानगीचे कागद फिरेपर्यंत रान संपलेलं असेल!

आणि काहीही आणा, वरून फक्त आगीचा जोर कमी होतो, विझवायला शेवटी हिरव्या डहाळ्या आणि पाचोळा उडवायचे ब्लोअर घेतलेली माणसंच डोंगर चढतात. तेव्हा निवेदनात विमान लिहू नका. फेब्रुवारी ते मे सांबऱ्याला बादलीसकट एक हेलिकॉप्टर, तिलारीच्या पाण्याची परवानगी जानेवारीतच, जाळपट्टे (आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळे ठेवलेले पट्टे) वेळेवर आणि फायर वॉचरचा, म्हणजे वणव्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसांचा, पगार दर महिन्याला, एवढं लिहा. सोबत बादली कुठे कुठे बुडवता येईल त्याची यादी जोडा, आणि यादी करताना वर हायटेन्शनच्या तारा नाहीत ना ते स्वतः जाऊन बघा, तिलारीच्या बाजूला वीज केंद्र आहे.