सुप्त अंड्यांचा डॅफ्निया संच : कुठे चालतो, कुठे फसवतो

रसायन जलचरांना किती घातक आहे याचा पहिला अंदाज डॅफ्निया मॅग्ना या पाणपिसूवर घ्यायचा, ही जुनी रीत. चाचणी ४८ तासांची, पण तिच्यासाठी डॅफ्नियाचे जिवंत संवर्धन वर्षभर सांभाळावे लागते. इफिपिया म्हणजे सुप्त अंडी, क्षारांची संहत द्रावणे आणि खाचांची प्लेट असलेला तयार संच हा व्याप संपवतो. पाण्यात सहज विरघळणाऱ्या, टिकाऊ रसायनांच्या चाळणी-चाचणीसाठी पाचपैकी चार गुण. तेलकट किंवा उडून जाणाऱ्या रसायनांसाठी मात्र दोनच.

अंडी ५ अंश सेल्सियसला, अंधारात ठेवायची. वापरण्याआधी बारीक चाळणीत धुऊन माध्यमात सोडायची आणि २० ते २२ अंशांवर, सुमारे ६००० लक्सच्या अखंड प्रकाशात ठेवायची. ७२ ते ८० तासांत बहुतेक पिल्ले बाहेर येतात. साध्या ट्यूबलाइटखाली, लांबच्या फळीवर ठेवलेली अंडी उशिरा आणि विस्कळीत फुटतात. मग सगळी पिल्ले २४ तासांच्या आतली असल्याची खात्री उरत नाही. अंडी खराब निघाल्याची तक्रार करण्याआधी लक्समीटर लावून पाहावा.

माध्यम बनवतानाही घाई नडते. लिटरला कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) २९४, मॅग्नेशियम सल्फेट (हेप्टाहायड्रेट) १२३.२५, सोडियम बायकार्बोनेट ६४.७५ आणि पोटॅशियम क्लोराइड ५.७५ मिलिग्रॅम, हे आयएसओ ६३४१ या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाण. संहत द्रावणे थेट एकमेकांत ओतली तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. भरपूर शुद्ध पाण्यात एकेक घालून ढवळायचे, मग हवा सोडायची. तांब्याच्या नळीतून आलेले पाणी टाळावे. डॅफ्नियाला मारायला फार थोडे तांबे पुरते.

चाचणीची मांडणी चांगली विचार करून केलेली आहे. पाच तीव्रता आणि एक नियंत्रण (रसायन नसलेले माध्यम), प्रत्येकी चार खाचा, खाचेत १० मिलि द्रावण आणि पाच पिल्ले: एकूण १२०. शेजारी त्याच द्रावणात पिल्ले आधी धुण्याची वेगळी खाच आहे, ती वगळू नये. पिल्लांसोबत पिपेटमधून येणारे माध्यम द्रावण पातळ करते. १००, ५०, २५, १२.५, ६.२५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही दुपटीची मालिका ओईसीडी २०२ या चाचणी-मार्गदर्शिकेच्या २.२ पट मर्यादेत बसते. पिल्ले सोडण्याआधी दोन तास स्पिरुलिना (शेवाळाची पूड) खायला द्यावी. चाचणी सुरू झाली की खाणे बंद.

पिपेटचे टोक पाण्याखाली नेऊनच पिल्लू सोडावे. वरून टाकले तर कवचाखाली हवा अडकते, पिल्लू पृष्ठभागावर तरंगत राहते, आणि घाईत मोजणारा त्याला बाधितांत धरतो. मोजताना खाच हलकेच हलवून १५ सेकंद पाहायचे. स्पर्शिका हलताहेत पण पोहत नाही, तर ते निश्चलच. नियंत्रणातल्या वीसपैकी तीन निश्चल झाली की १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली, चाचणी बाद. शेवटी विरघळलेला ऑक्सिजन ३ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली गेलेला नसावा. १० मिलिच्या खाचेत नेहमीचा प्रोब मावत नाही, आणि द्रावण चंचुपात्रात ओतले की हवा मिसळून आकडा वाढतो. संचात यावर काही उपाय दिलेला नाही.

खरी उणीव प्लेटमध्येच आहे. पॉलिस्टायरीनला जलविरोधी रसायने चिकटतात, बाष्पशील द्रावके झाकण लावूनही उडतात. द्रावणात प्रत्यक्षात कमी रसायन उरते, ईसी५० (निम्मी पिल्ले निश्चल करणारी तीव्रता) फुगून येतो आणि विषारी पदार्थ निरुपद्रवी भासतो. सुरुवातीची व शेवटची तीव्रता मोजून घ्यावी. फरक २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ठरवलेल्या नव्हे, मोजलेल्या आकड्यावर हिशेब करावा. बाष्पशील रसायनासाठी काठोकाठ भरलेल्या, बंद काचेच्या कुप्याच हव्यात. आम्ल किंवा अल्कली असेल तर आणखी एक घोळ: पिल्ले रसायनाने गेली की पीएचने? ६ ते ९ बाहेर गेल्यास पीएच जुळवून दुसरी चाचणी करावी.

प्रत्येक नव्या लॉटबरोबर पोटॅशियम डायक्रोमेटची संदर्भ चाचणी घ्यावी. २४ तासांचा ईसी५० ०.६ ते २.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर दरम्यान यायला हवा. त्यात विषारी षट्संयुजी क्रोमियम आहे, उरलेले द्रावण वेगळ्या डब्यात साठवायचे. जलचरांची चाचणी करून उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतणारेही भेटतात!

निकाल रसायनाच्या नोंदणीसाठी द्यायचा असेल तर संच घेण्याआधी संबंधित यंत्रणेला विचारावे. ओईसीडी २०२ मध्ये मूळ संवर्धनात इफिपिया दिसणे हे ताणाचे लक्षण मानले आहे, आणि या संचाची सुरुवातच इफिपियापासून होते.