मामांचे सात खंड : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी वस्तू काय ते सांगते. मराठी विश्वकोश, पहिले सात खंड, छापील आणि जुने. मामा निवृत्त मुख्याध्यापक. गावचं घर सोडून मुलाच्या फ्लॅटवर राहायला जायचं ठरलं, तेव्हा माळा रिकामा करायला मला बोलावलं. "रद्दीवाल्याला द्यायला हात होत नाही. तू ने," म्हणाले. पुढचे खंड त्यांनी घेतले नव्हते, त्यामुळे माझा विश्वकोश तिथंच संपतो. पुस्तकांचे पैसे शून्य, रिक्षाचे सव्वाशे. ही गेल्या जूनमधली गोष्ट.

आणले कशाला, तर भीतीपोटी. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे, सोळा वर्षं झाली. तारण, जामीनदार, सातबारा, थकबाकी. या चार शब्दांवर दिवस निघतो, आणि बरा निघतो. मे महिन्यात एकदा मुलीनं विचारलं, "आई, मनुके पाण्यात टाकल्यावर का फुगतात गं?" मी बारावीपर्यंत सायन्सला होते. हे मला येत होतं, प्रॅक्टिकलला केलेलं होतं. तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. "पुस्तकात बघ ना," म्हणून वेळ मारून नेली. रात्री मात्र झोप लागेना. विसरल्याचं एवढं नाही, पण डोक्यात शेवटचं नवीन काय आणि कधी गेलं, हेच आठवेना.

वाचत नव्हते असं नाही हो. रोज तासभर तरी वाचत होते. व्हॉट्सॲपवरचे लांबलचक लेख, पंधरा दिवसांत आयुष्य बदलणारी पुस्तकं, एका बैठकीत संपणाऱ्या कादंबऱ्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. छान वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मैत्रिणीला सांगायला गेलं की दोन वाक्यांत संपायचं.

तर वापर. पहिली चूक अशी केली की पहिल्या खंडाच्या पहिल्या नोंदीपासून, म्हणजे 'अंक'पासून, ओळीनं सुरुवात केली. पोथीचं पारायण करावं तसं. तीन आठवडे टिकलं. रोज सहा-सात पानं, दोन रकाने, बारीक टाइप. जुलैमध्ये खंड मिटून स्वतःचीच परीक्षा घेतली, तर 'अंजीर' वाचल्याचं आठवत होतं, त्यात काय होतं ते नव्हतं. व्हॉट्सॲपच्या जागी विश्वकोश आला होता, घडा पालथाच होता.

मग मामांना फोन केला. ते हसले. "अगं, ती कादंबरी आहे का? कोशात प्रश्न घेऊन जायचं असतं. आणि वाचून झालं की पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहायचं. मी पोरांना काय सांगायचो?" तेव्हापासून मुलीची एक अर्धवट राहिलेली रफ वही माझी झाली. नियम एकच: दिवसभरात अडलेली एक गोष्ट, तिची एक नोंद, खंड मिटायचा आणि आठवेल तेवढं लिहायचं. वहीच्या हिशेबानं आजवर 212 नोंदी झाल्यात. मागच्या रविवारी मुलीनं उलटतपासणी घेतली. धड सांगता आल्या साठेक. मला तो आकडा वाईट वाटत नाही.

आता एक नोंद जवळून सांगते, म्हणजे वस्तू काय काम करते ते कळेल.

फेब्रुवारीत बाजारातून पुरंदरची अंजिरं आणली. जूनमध्ये वाचून विसरलेली नोंद पुन्हा काढली, पण या वेळी खंड ओट्यावर आणि हातात सुरी. अंजीर उभं चिरलं. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर एक मांसल पिशवी, आणि आतल्या बाजूला दाटीनं लागलेली ती सगळी फुलं. शेंड्याला एक बारीक भोक असतं. काही जातींत त्या भोकातून चिलटाएवढी माशी आत शिरते आणि परागण करते. आपल्याकडच्या पुणे अंजिराला तिची गरज लागत नाही, ते परागणाशिवायच धरतं. अशा फुलोऱ्याला शब्द आहे कुंभासनी. वड, पिंपळ, उंबर, सगळी याच घराण्यातली.

उंबर म्हटल्यावर मी सुरी खाली ठेवली. आमची आजी, बऱ्याच दिवसांनी कोणी दारात आलं की म्हणायची, "काय हो, उंबराचं फूल झालात!" चाळीस वर्षं मी ती म्हण वापरतेय. उंबराचं फूल दिसत का नाही, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. ते आत असतं म्हणून. आणि पिकलं उंबर फोडलं की जी केंबरं उडतात, ती त्याच माशीची भावकी. नोंदीत म्हण नव्हती, ती माझ्याकडे होती. नुसती पडून होती. मुलगी म्हणाली, "आई, तू एकटीच काय हसतेस?" तिला सांगायला अर्धा तास लागला, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भाताचा लगदा झाला.

तोटे. वजन भरपूर, मांडीवर घेतलं तर दहा मिनिटांत पायाला मुंग्या. मी देवघरातला जुना चौरंग वापरते. माळ्यावर राहून दोन खंडांना कसर लागली होती, बांधणीही सुटलेली. ती एका बाइंडरकडून करून घेतली. उन्हात वाळवले, मध्ये कडुलिंबाचा पाला घातला. तरी हात लावला की नाक चोंदतं.

गणिताच्या आणि भौतिकीच्या बऱ्याच नोंदींपुढे मी हात टेकले. भाषा ताठ आहे, संस्कृत परिभाषा ओळीओळीला. मनुक्यांचं उत्तर शोधायला गेले, तर पाणी सालीतून आत शिरण्याला मुलीच्या पुस्तकात 'परासरण' आणि विश्वकोशात 'तर्षण'. मला आधी वाटलं मीच चुकले. पण तर्षण म्हटल्यावर तृषा आठवली, तहान, आणि मग मनुका तहानलेला दिसायला लागला. परीक्षेत मात्र परासरणच लिही, असं पोरीला बजावलंय.

जुनेपणाची तयारी ठेवा. पहिला खंड 1976 चा. लोकसंख्येचे आकडे 1971 च्या जनगणनेचे, सोव्हिएट संघ धडधाकट उभा. माहिती ताजी हवी असेल तर ही वस्तू तुमच्यासाठी नाही. मला उलट त्याची मजा येते. नोंदीत एक आकडा, आजचा दुसरा, दोन्ही वहीत शेजारी लिहिते आणि मध्ये काय घडलं ते शोधत बसते.

आणि सगळ्यात मोठी अडचण बाणांची. एका नोंदीत दुसऱ्या नोंदीकडे बाण असतो, आणि ती नेमकी माझ्याकडे नसलेल्या खंडात. एकूण खंड वीस. सगळा विश्वकोश संकेतस्थळावर फुकट आहे, हे आधीच सांगायला हवं होतं. छापील घ्यायची गरज कोणालाच नाही. पण मी फोन उघडला की तर्षण वाचून होईपर्यंत वर तीन संदेश टपकलेले, आणि पाऊण तासानं मी कुणाच्या तरी बारशाचे फोटो बघत असते. छापील खंडाला टिंग वाजत नाही. म्हणून आता बाण दिसला की वहीच्या मागच्या पानावर नाव लिहिते आणि रविवारी एकदम बघते. निम्म्या वेळा तोवर उत्सुकता गेलेली असते. जाऊ दे.

एक राहिलं. साताऱ्याहून वाई जेमतेम पस्तीस किलोमीटर. ढोल्या गणपतीला किती वेळा गेले असेन, मेणवलीचा वाडा पाहुण्यांना दाखवून कंटाळले. पण हे काम त्याच गावात बसून झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली, हे मला खंडाची सुरुवातीची पानं वाचेपर्यंत माहीत नव्हतं. वाईच्याच प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकलेला माणूस, आणि त्याच्या कोशात अंजिराच्या परागणापासून सगळं. त्यानंतर वाईला गेले तेव्हा घाटावर जरा जास्त वेळ बसले, एवढंच.

डोकं तरतरीत झालं का, असं मैत्रिणी विचारतात. खरं सांगू? विसरभोळेपणा आहे तिथंच आहे. चष्मा तर अजूनही फ्रिजवर सापडतो. फरक पडलाय तो कामावर, आणि तो मला अपेक्षित नव्हता. मार्चअखेरच्या गर्दीत एक शेतकरी ठिबकसाठी कर्ज मागायला आले. पीक अंजीर. पूर्वी मी सातबारा, आठ अ, जामीनदार एवढं बघून फाइल पुढे सरकवली असती. या वेळी विचारलं, "काका, तुमच्याकडे खट्टा बहर धरता की मीठा?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, खुर्ची पुढे ओढली. मीठाच, म्हणाले, उन्हाळ्यात निघतो, गोडीला तोच चांगला. खट्टा पावसाळ्यात धरायचा, रोगाची कटकट फार, पण थंडीत माल कमी असतो म्हणून भाव मिळतो. मागे चार जण ताटकळत होते, साहेब काचेतून बघत होते. मला राहवेना. म्हटलं, बहर बहर म्हणता, पण अंजिराचं फूल कधी बघितलंय का?

ते थांबले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "नाय ओ मॅडम," म्हणाले. "तीस वर्षं बहर धरतोय. फूल काय बघितलं नाय."

मी टेबलावरचं कर्ज-मागणीचं पान उलटं केलं आणि पेन्सिलीनं अंजीर उभं चिरून काढलं.