नेरूळचं थाई हॉटेल: जेवणाला साडेतीन, दारातल्या माठाला पाच

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मी दोन महिने टाळत होते. आठच टेबलं आहेत, शनिवारी आत्ताच पस्तीस मिनिटं बाहेर उभं राहावं लागतं, तुम्ही सगळे आलात तर मला कोण बसवणार. पण परवा कोणीतरी एक स्टार देऊन "चायनीजसारखी मजा नाही" असं लिहिलेलं दिसलं आणि डोकंच फिरलं. अहो चायनीज नाहीच्चे ते!

स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, सोसायटीच्या खालचा गाळा, शेजारी झेरॉक्सवाला. बोर्ड एवढुसा, रिक्षावाल्याला नाव सांगून काही उपयोग नाही. खूण एकच, दाराबाहेर तिवईवर ओलं फडकं गुंडाळलेला माठ, वर झाकणी आणि झाकणीवर स्टीलचा पेला, साखळी वगैरे न लावलेला. डिलिव्हरीची पोरं येतात ती आधी तिथे पाणी पितात आणि मग आत जाऊन ऑर्डर विचारतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मेनूच्या आधी तो माठच बघत राहिले, कारण असा माठ मी याआधी बघितला होता चिआंग मायला, एका जुन्या लाकडी घराच्या कुंपणापाशी. उत्तर थायलंडची जुनी पद्धत आहे ती, घराबाहेर छोटंसं छप्पर करून त्यात मातीचं मडकं ठेवायचं, सोबत करवंटीचा डाव, येणारा जाणारा कोणीही असो पाणी पिऊन पुढे जाईल. आपली पाणपोईच की, फक्त वर नगरसेवकाचा फोटो नाही.

आता ही बाई एवढं का बोलतेय ते कळावं म्हणून आमचं थोडं सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे 2013 ते 2018 आम्ही बँकॉकला होतो. ऑन नुटला, स्कायट्रेनच्या स्टेशनपासून आत एका गल्लीत भाड्याचं घर (तिथे गल्लीला सोय म्हणतात, आणि आमच्या सोयीत सगळी सोय आहे हा नवऱ्याचा विनोद मी पाच वर्षं ऐकला). गल्लीच्या तोंडाशी एक पा सोम तामची गाडी लावायची. पा म्हणजे मावशी, तिथेही अनोळखी माणसाला मावशी, काका, दादा, ताई अशीच हाक मारतात. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची उखळात कुटलेली कोशिंबीर समजा, पण त्यात फिश सॉस पडतो, सुकट पडते, काही जण खारवलेला छोटा खेकडा पण टाकतात. आणि माझ्या सासूबाई माळकरी.

त्या 2015 ला तीन आठवडे राहायला आल्या तेव्हा मी माझ्या मोडक्यातोडक्या थाईत त्या पा मावशीला सांगितलं की आईंना मांगसविरात लागतं. हा त्यांचा शाकाहारासाठीचा शब्द, म्हणजे आपलं मांस आणि विरती, हे कळलं त्या दिवशी मी फुटपाथवर एकटीच हसत होते. तिने मान हलवली. मला वाटलं फिश सॉस गाळेल आणि झालं, एवढंही खूप होतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर गाडीवर जुन्या उखळाशेजारी एक नवंकोरं लाकडी उखळ. जुन्याला माशाचा वास मुरलाय तो धुवून जात नाही, एवढंच म्हणाली. पुढे तीन आठवडे ते उखळ फक्त आमच्यासाठी निघायचं, पैसे घ्यायची नेहमीचे चाळीस बाथ. उखळाचे देऊ का म्हणून विचारलं तर तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मीच ओशाळले. सासूबाईंनी मग तिला बेसनाचे लाडू नेऊन दिले, तर तिने तिथल्या तिथे शेजारच्या गाडीवाल्यांना वाटून टाकले आणि स्वतःला ठेवला अर्धा.

एकदाच गडबड झाली. शेजारच्या गाडीवर कढईत मूठभर पानं पडली, घमघमाट सुटला, सासूबाई म्हणाल्या अगं ही तर तुळस! तुळसच होती. थाई लोकांचं काप्राव म्हणजे आपल्या वृंदावनातली तुळसच, आणि कढईत खाली होता डुकराचा खिमा. त्यानंतर दोन दिवस त्या बाजूने गेल्या नाहीत.

तर अशी तोंडाला सवय लागलेली मी, नेरूळमध्ये सोम ताम मागवणार म्हणजे परीक्षाच. 220 रुपये. पपई वाशी मार्केटची असणार, करकरीत होती, सुरीने तासलेली होती किसणीवर किसलेली नाही (किसली की चोथा होतो), शेंगदाणे भाजलेले, लिंबू भरपूर. आणि सुकट! इथल्या बाकीच्या हॉटेलांत सुकट टाकतच नाहीत, घाबरतात. मी सहज "पेत नित नॉय" म्हणाले, म्हणजे जरासंच तिखट, आणि आतून मालक टॉवेलला हात पुसत बाहेर, "ताई तुम्ही कुठं होता बँकॉकला?"

मालक उरणकडचा आगरी. नऊ वर्षं तिकडे एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये काढलीत. सुकट करंजाहून येते, म्हणाला तिकडच्या सुकटीपेक्षा आपली गोड लागते, आणि यावर मी वाद घालणार नाही कारण त्याचं बरोबर आहे. गल्ल्यावर त्याची आई बसते, प्रत्येकाला बिल देताना "जेवलास का रं बाला, पोट भरला का" विचारते. बिल देतोय म्हणजे जेवलोच असणार ना, पण नाही, विचारायचंच. थाईमध्ये पण भेटल्यावर "किन खाव रू यांग" म्हणतात, भात खाल्ला का. म्हातारीला हे पोराने सांगितलंय का तिचं आपलं मुळातलंच आहे माहीत नाही, मला मुळातलंच वाटतं.

त्याने त्याची गोष्ट सांगितली ती सांगते. गेला तेव्हा पहिला पगार कागदपत्रांत अडकला, दीड महिना हातात काही नाही, आणि हे कोणाला सांगायची लाज. पण रोज सकाळी त्याच्या लॉकरच्या कडीला एक पिशवी अडकवलेली असायची, त्यात चिकट भात आणि मू पिंग, म्हणजे काडीवर भाजलेलं पोर्क. कोण ठेवतं पत्ता नाही. पगार झाला त्या दिवशी पिशवी बंद. मग शोध घेतला तर भांडी घासणारी बाई, साठीची, जिच्याशी याचं धड एक वाक्य बोलणं झालेलं नाही. हा पैसे घेऊन गेला तर खो खो हसली, नको म्हणाली, पण रविवारी घरी बोलावलं. हा बिचारा नवीन शर्ट घालून गेला, जेवायला असेल म्हणून, तर तिने भरलेला सिलिंडर चार मजले चढवायला लावला! लिफ्ट नव्हती. नंतर नऊ वर्षं तिचा सिलिंडर हाच चढवत होता. सांगताना आत कढई जळायला लागली तरी हा बोलतोच आहे.

त्यांच्याकडे याला शब्द आहे, नाम जाय. नाम म्हणजे पाणी आणि जाय म्हणजे मन. तिकडे राहून आलेला कोणीही भेटू दे, आपला असो की गोरा, तासाभरात अशी एक तरी गोष्ट निघतेच आणि बहुतेक वेळा त्यात खायचं काहीतरी असतंच. गाजावाजा नाही, मोठं दान वगैरे नाही, पिशवी अडकवली आणि निघून गेले.

बाकी जेवण. काप्राव राईस 290 चा, चिकन खिमा आणि वर तळलेलं अंडं, कडा कुरकुरीत पिवळं मऊ, एकदम रस्त्यावरच्या गाडीसारखं. तुळस खरी वापरतो, काही ठिकाणी इटालियन बेसिल टाकून तेच काप्राव म्हणून खपवतात. तॉम यम या आंबट-तिखट सूपला गवती चहा मागच्या पत्र्याच्या डब्यांत स्वतः लावलाय, लिंबाची ती खास दुहेरी पानं ताजी मिळाली नाहीत तर तॉम यम त्या दिवशी मेनूवर खोडलेलं असतं, याचे मी अर्धा स्टार जास्त देईन. पण ग्रीन करी गोड आहे, फार गोड, विचारलं तर म्हणाला पब्लिकला तशीच लागते. पाद थाय, म्हणजे परतलेलं नूडल, ठीक, चिंच कमी. भाताची वाटी लहान, दोन मुलं असतील तर एक्स्ट्रा भात लागणारच आणि त्याचे 60 घेतो, हे मला पटलेलं नाही. एसी एका कोपऱ्यापुरता. टेबलावर चार बरण्यांचा स्टँड मात्र अगदी तिकडच्यासारखा, साखर, फिश सॉस, सुक्या मिरचीचा चुरा आणि व्हिनेगरमध्ये मिरच्या, ज्याने त्याने आपलं नूडल आपण जुळवून घ्यायचं. साखर बघून हसू नका, नूडल सूपमध्ये एक चमचा टाकून बघा. आणि चॉपस्टिक मागू नका, थाई लोक भात चमच्याने खातात, काट्याने फक्त चमच्यावर लोटतात. फोटोसाठी हव्याच असतील तर देतो तो, पण चेहरा बघा त्याचा.

शनिवारच्या त्या पस्तीस मिनिटांचं. बाहेर थांबलेल्यांना आई ताट फिरवते, पेरूच्या फोडी आणि तिखट-मीठ-साखर. त्या साखरेमुळेच ते थाई, नाहीतर शाळेबाहेरचा पेरूच. बिलात लावत नाहीत. त्या ताटावरून मला एकदम 2016 आठवलं. 13 ऑक्टोबरला राजे भूमिबोल गेले, सत्तर वर्षं गादीवर असलेला माणूस, अख्खं शहर काळ्या कपड्यांत. दुकानात काळा टीशर्ट मिळेना तर लोकांनी रस्त्यावर मोठाली पातेली ठेवून कोणाचेही कपडे फुकट काळे रंगवून दिले. नोव्हेंबरमध्ये शेजारणीबरोबर मी पण राजवाड्याकडे दर्शनाच्या रांगेत गेले. आतल्या रस्त्यांवर मोटरसायकल टॅक्सीवाले लोकांना फुकट सोडत होते, रांगेत कितीतरी तास, आणि त्या तासांत माझ्या हातात भाताचा डबा, बर्फाचं पाणी, ओला रुमाल आणि हुंगायची ती छोटी नळी, एवढं आलं. माझा तो राजा नव्हता, कोणी विचारलंही नाही. उलट मी ऊन लागून वाकले तर एक कॉलेजची पोरगी तिची छत्री माझ्यावर धरून उभी राहिली, स्वतः उन्हात.

आता कोणाला वाटेल तिथे सगळे देवमाणसंच राहतात. नाही हो. नॅशनल पार्कात परदेशी माणसाला वेगळं आणि भरपूर जास्त तिकीट, दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा, टॅक्सीवाला मीटर म्हटलं की काच वर. पहिलं घर शोधताना एका एजंटने इंडियन म्हणजे फोडणीचा वास म्हणून गोड हसत कटवलं होतं. भारतीयांना तिकडे खॅक म्हणतात, शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा, पण म्हणणाऱ्याच्या सुरावरून कळतं पाहुणा चहाचा आहे का बिन चहाचा. आणि सगळ्यात छळतं ते क्रेंग जाय, म्हणजे समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तोंडावर नाही न म्हणणं. एसीवाला "हो येतो उद्या" म्हणायचा, तीन उद्या गेले तरी नाही. मला कळायला वर्ष लागलं की त्या हसण्यात नाही पण असतं. ही सवय या मालकाने पण उचललीय! फोनवर टेबल ठेवशील का विचारलं की "हो ताई या ना", आणि गेल्यावर रांग आहेच.

एक राहिलं. दारापाशी भिंतीवर रिकाम्या फळीच्या खुणा दिसतील. 2020 च्या मे महिन्यात थायलंडभर लोकांनी रस्त्यात कपाटं ठेवली होती, तू पान सुक नावाची, सुक म्हणजे आपलं सुख, वाटायच्या सुखाचं कपाट. ज्याला जमेल त्याने तांदूळ, अंडी, नूडल ठेवायचे, लागेल त्याने न्यायचे. आम्ही तोवर परत आलो होतो, घरात कोंडलेलो, जुन्या शेजारणीने आमच्या सोयीतल्या कपाटाचा फोटो पाठवला होता. मालकाने हॉटेल काढल्यावर तसंच एक इथे लावलं. पहिल्याच दिवशी एक जण पिशवी भरून सगळं घेऊन गेला. तिकडेही असं झालं होतं, त्यावरून भांडणं पण झाली होती. याने परत भरलं, परत गेलं, परत भरलं. ते नाही बंद पडलं त्यामुळे, बंद पडलं सोसायटीच्या पत्रामुळे, कॉमन जागेत फर्निचर चालणार नाही म्हणे. मग आईने माठ आणून ठेवला. माठ फर्निचरमध्ये बसत नाही. सेक्रेटरी स्वतः संध्याकाळी वॉकवरून येताना पाणी पिऊन जातात, मी बघितलंय.

मँगो स्टिकी राईस हापूस असेपर्यंतच, 240, दोघांत एक पुरे. जूनमध्ये मी विचारलं तर आई म्हणाली "आता पुढल्या साली गो बाय" आणि घरचा फणस दिला कागदात बांधून.

सोमवारी बंद. पार्किंग विसरा. जीपे चालतं. माठातलं पाणी प्यालात तर पेला धुवून उपडा ठेवा, आई आतून बघत असते.