आईच्या खोलीतला हीटर, बाहेरचा थर्मोस्टॅट आणि एअर प्युरिफायर : ११ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बेळगावात फर्नेस, म्हणजे भट्टी, म्हटलं की उद्यमबागची औद्योगिक वसाहतच डोळ्यांसमोर येते. मी स्वतः तिथल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ३१ वर्षं मेल्टिंगला काढली. लोखंड चौदाशे डिग्रीच्या वर न्यायचं, थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) बुडवून बघायचं आणि मगच ओतायचं. घर उबदार ठेवणारी फर्नेस मात्र पहिल्यांदा पाहिली ती मिशिगनमध्ये, लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं गेलो तेव्हा. तळघरात गॅसवर चालणारं कपाटाएवढं यंत्र, पत्र्याच्या डक्टमधून खोलीखोलीत जाणारी गरम हवा, आणि परत येणाऱ्या हवेच्या वाटेवर सोळा बाय पंचवीस इंचांचा फिल्टर. सगळ्यावर हुकूम थर्मोस्टॅटचा, आणि तो पॅसेजच्या भिंतीवर.

पॅसेजमध्ये ७० फॅरनहाइट (साधारण २१ सेल्सिअस) झालं की फर्नेस बंद व्हायची. बाळाची खोली मात्र कोपऱ्यात, दोन बाजूंना बाहेरच्या भिंती. तिथे त्या वेळी ६५ सुद्धा नसायचं. शेवटी जावईबापूंनी बाळाच्या खोलीत काडेपेटीएवढा बिनतारी सेन्सर ठेवला आणि रात्रीपुरतं थर्मोस्टॅटला त्याच्यावरच चालायला लावलं. फर्नेस तीच, डक्ट तेच, पण त्या रात्रीपासून खोली उबदार. ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. पुढे आईसाठी जे काही केलं ते तिथूनच सुचलं.

आई ८४ वर्षांची. जुना दमा. आमचं घर अनगोळात, कौलारू, जांभ्या दगडाच्या भिंतींचं. आईची खोली बारा बाय अकरा फूट, दहा फुटांवर तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आतला पारा १५-१६ सेल्सिअसवर येतो. तरण्या माणसाला ते काहीच नाही, पण आईला त्याच वेळी धाप लागते. त्यातच ऊसतोडीचा हंगाम. संध्याकाळी शेतात पाचट पेटवतात आणि सकाळी अंगणात काळ्या काजळीचे तुकडे पडलेले असतात. थंडीत गार हवा जमिनीलगत बसून राहते, त्यामुळे धूर वर जातच नाही. म्हणून गेल्या दिवाळीच्या आधी दोन वस्तू घेतल्या : ९ फिनचा तेलाचा हीटर आणि एक एअर प्युरिफायर.

आधी हीटरचं सांगतो. पंख्याचा हीटर लवकर तापवतो, पण आवाज करतो आणि बंद केला की पाच मिनिटांत खोली गार. तेलाचा हीटर तापायला अर्धा तास घेतो, मग मात्र हळूहळू ऊब देत राहतो. यात काही जळत नाही, हे माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं. आमच्याकडे खानापूर भागात अजूनही थंडी-पावसात कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपणारे लोक आहेत. कृपा करून असं करू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो जीव घेतो. कुठलाही प्युरिफायर तो काढू शकत नाही.

हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट असतोच, पण बटणावर डिग्री लिहिलेली नसते, नुसता लहान-मोठा चाप काढलेला असतो. आत दोन धातूंची पट्टी असते. ती तापली की वाकते आणि सर्किट तुटतं. आता ही पट्टी बसवलेली हीटरच्याच अंगात. म्हणजे ती हीटरच्या आसपासची हवा मोजते. आमचा हीटर दाराजवळ, आईची खाट खिडकीकडे. हीटर ‘झालं’ म्हणून थांबायचा तेव्हा खाटेपाशी १७ असायचे. बटण वाढवून ठेवलं तर पहाटे चारला २४, आणि आई पांघरूण फेकून घामाघूम. घामावर गार वारा लागला की दुसऱ्या दिवशी खोकला ठरलेला. मिशिगनचा पॅसेज आमच्या अनगोळात आला होता.

उपाय म्हणून एक स्मार्ट प्लग मागवला, मोबाइलवर तापमान लावता येणारा. कंपनीचं नाव घेत नाही. चौथ्या रात्री प्लास्टिक तापल्याचा वास आला म्हणून उठलो, तर प्लगची एक पिन तपकिरी पडलेली आणि सॉकेट हात लावू देईना. हीटर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. प्लगवर लिहिलं होतं १० अँपिअर. कागदावर बसतं, पण तासन्‌तास सलग तेवढा भार त्याला झेपला नाही. तक्रार केली, पैसे परत मिळाले नाहीत. पैशांचं मला काही वाटत नाही. आईच्या उशापासून सहा फुटांवर ते तापत होतं, याचा संताप अजून गेलेला नाही. हीटर असल्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर कधीही लावू नका.

मग कारखान्यात करतो तसंच केलं. अंडी उबवणी यंत्राला वापरतात तो डिजिटल कंट्रोलर, म्हणजे हीटरच्या बाहेरचा थर्मोस्टॅट, आणला. छोटा डिस्प्ले, आणि दोन मीटर तारेच्या टोकाला सेन्सर. कंट्रोलरचा रिले, म्हणजे आतला छोटा स्विच, थेट हीटरला न जोडता मध्ये २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार झेपणारा स्विच, टाकला. वेगळी एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरचं सॉकेट, जाड वायर आणि सगळं बंद पेटीत. वायरमनकडूनच करून घेतलं, लायसनवाल्याकडून. सगळं मिळून अठराशेच्या आसपास गेले. हीटरचं स्वतःचं बटण मध्यावर ठेवलंय, म्हणजे कंट्रोलर अडकून राहिला तरी तो दुसरा पहारा आहे. रात्री १० ते ६ साठी २० डिग्री लावले, फरक १ डिग्रीचा. म्हणजे १९ ला सुरू, २० ला बंद. अर्धा डिग्री लावून बघितला होता. कॉन्टॅक्टर सारखा टकटक करायला लागला आणि आईची झोपमोड झाली.

सेन्सर कुठे ठेवायचा यात मात्र पंधरा दिवस गेले. भिंतीला चिकटवला तर तो भिंतीचा गारठा दाखवतो. खिडकीजवळ ठेवला तर फटीतला वारा. शेवटी खाटेच्या डोक्याकडच्या दांड्याला, उशीपेक्षा वीतभर उंच बांधला. आणि एका पहाटे आईची हाक आली, ‘अरे, आज गारच पडलंय की सगळं!’ जाऊन बघतो तर डिस्प्लेवर २९ आणि हीटर थंडगार. आईनं तार लोंबकळतेय म्हणून सेन्सर नीट गुंडाळून गोधडीत खोचला होता. तो बिचारा तिच्या अंगाची ऊब मोजत बसला होता आणि रात्रभर हीटर लागलाच नाही. तिला समजावून सांगितलं, हे तुझं नाक आहे असं समज, ते पांघरुणाबाहेर राहू दे. तेव्हापासून रोज झोपायच्या आधी ती स्वतः हात लावून बघते.

विजेचं गणित. साधा मीटर मध्ये लावून मोजलं. हीटर १२०० वॅटवर, स्वतःच्या बटणावर असताना रात्रीला सरासरी ६ युनिट जायचे. बाहेरच्या थर्मोस्टॅटवर साडेतीन. कर्नाटकात राहणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. गृहज्योतीत, म्हणजे मोफत घरगुती विजेच्या सरकारी योजनेत, ठरलेल्या मोफत युनिटांच्या वर पण २०० च्या आत राहिलं तर वरच्या युनिटांचेच पैसे, आणि २०० ओलांडले की पूर्ण बिल. आमचं घर एरवी ९० युनिटांत बसतं. डिसेंबरात १९४ वर थांबलो. जानेवारीत पाहुणे होते, गीझर जास्त चालला, २११ झाले आणि सगळं बिल अंगावर आलं. अमेरिकेत ऊर्जा खातं सांगतं, की दिवसाचे आठ तास थर्मोस्टॅट ७ ते १० फॅरनहाइटनं उतरवून ठेवला तर वर्षाकाठी १० टक्क्यांपर्यंत वाचतात. आमच्याकडे दिवसा हीटर लागतच नाही, म्हणून वाचवायचं ते रात्रीतच. मी फेब्रुवारीपासून पहाटे तीनपर्यंत १९ आणि तीन ते सहा २१ ठेवायला लागलो, कारण धाप तेव्हाच लागते. युनिट तेवढेच, आराम जास्त.

आता प्युरिफायर. दुकानात सगळे ‘किती स्क्वेअर फुटाला चालतो’ एवढंच सांगतात. ते सोडा. सीएडीआर विचारा, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो. आमची खोली साधारण ३७ घनमीटर. मशीनचा सीएडीआर ३००. म्हणजे खोलीतली हवा तासाला आठ वेळा गाळून निघाली पाहिजे. पण हा आकडा सगळ्यात वरच्या स्पीडचा असतो, आणि त्या स्पीडला आई म्हणते, ‘बंद कर की रे ते, कान दुखालेत.’ मधल्या स्पीडला निम्मं धरा. चार वेळा झाली तरी दम्याच्या माणसाला चांगलं. म्हणून गरजेच्या दुप्पट घेतला, आणि तो निर्णय बरोबर ठरला. स्लीप मोडवर ठेवून उपयोग नाही. तिथे आवाज नाही आणि कामही फारसं नाही.

फिल्टर हेपा आहे, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा, दर्जा एच १३. युरोपच्या मापानं ९९.९५ टक्के अडवणारा, तेही अडवायला सगळ्यात अवघड आकाराच्या कणांचं. लेकीच्या फर्नेसच्या फिल्टरवर मर्व्ह लिहिलेलं असायचं, म्हणजे तो किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा. तिथे ८ चा काढून १३ चा घातला की बारीक धूळ जास्त अडते, पण ब्लोअरमध्ये तेवढा दम नसेल तर खोल्यांत हवाच कमी येते. एकट्या मशीनला ही चिंता नाही, पंखा त्या फिल्टरसाठीच बनवलेला असतो. चिंता दुसरी आहे, फटीची. बाजारात २४०० च्या फिल्टरच्या जागी ९०० चा मिळतो. मी एक आणून बघितला. कडेचं रबर दोन बोटं आखूड. हवा नेहमी सोपी वाट धरते, तेव्हा फिल्टर कितीही चांगला असो, धूळ कडेनं जाणार. परत केला.

जानेवारीत एका संध्याकाळी येळ्ळूरच्या बाजूला पाचट पेटलं होतं. हातातल्या छोट्या मीटरवर अंगणात पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा, आकडा १४० (घनमीटरला मायक्रोग्रॅम), आईच्या खोलीत ८५. दार लावून मशीन पूर्ण स्पीडला सोडलं, २५ मिनिटांत २० वर आलं. आपल्या देशाची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला ६०, जागतिक आरोग्य संघटनेची १५. मशीन बंद केलं की अर्ध्या तासात आकडा परत चढायचा. मग लक्षात आलं की तक्तपोशीच्या फळ्यांमधून हवा सरळ पोटमाळ्यावर जातेय आणि हीटरची ऊबही तिच्याबरोबर. फळ्यांवर प्लास्टिक अंथरलं, दाराखाली रबरपट्टी लावली. एका तीनशे रुपयांच्या कामानं हीटर आणि प्युरिफायर दोघांचंही ओझं हलकं झालं. हे मी शेवटी केलं, तुम्ही आधी करा. फक्त पूर्ण सील करू नका. प्युरिफायर ताजी हवा बनवत नाही, म्हणून एक झडप बोटभर उघडी असू दे.

ऑटो मोडवर माझा भरवसा नाही. सेन्सर मशीनच्या अंगात, म्हणजे परत तीच हीटरची गोष्ट. शिवाय फोडणी बसली की पिसाळल्यासारखं पळतं, आणि पावसाळ्यात खिडकीतून धुकं आत आलं की पाण्याच्या थेंबांनाच धूळ समजतं. वास शोषायला कार्बनचा थर आहे, पण पातळ. फाउंड्रीकडून वारा आला की तो रेझिनचा वास थोडा कमी होतो, जात नाही.

जून ते ऑगस्टचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडचा पाऊस म्हणजे तीन महिने भिजलेली भिंत. खोलीत २१ डिग्री, दमटपणा ९० टक्के, कपाटामागे बुरशी. प्युरिफायर बुरशीचे उडणारे कण पकडतो, ओल काढत नाही. जुलैत त्याचं धुतलेलं जाळीचं फिल्टर दोन दिवस वाळेना. ओलसरच बसवलं तर कुबट वास सुटला. आता धुवायचंच नाही, ब्रशनं झाडायचं. इथे कामाला आला तो हीटर. दुपारी दोन तास २५ डिग्रीला लावला की हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण दमटपणा सत्तरवर येतो. अंथरूण कोरडं लागतं. आई दुपारी तिथेच वाती वळत बसते.

तब्येतीचं : हे सगळं घ्यायच्या आधीच्या हिवाळ्यात नेब्युलायझर आठवड्याला दोनदा तरी काढावा लागायचा. घेतल्यानंतरच्या हिवाळ्यात एकूण तीनदा. डॉक्टरांनी औषध बदललं होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं किती ते मी ठरवणार नाही.

फिल्टर बदलायची खूण दाखवणारा दिवा फक्त तास मोजतो, मळ नाही. मार्चमध्ये दिवा हिरवाच होता आणि फिल्टर काढला तर शेगडीवरच्या तव्याच्या बुडासारखा काळा. म्हणून तारखा मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो : एक फिल्टर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, दुसरा शिमग्यानंतर. निपाणीचा मावसभाऊ तंबाखूच्या गोदामाशेजारी राहतो. त्याला वरची जाळी आठवड्याला झाडावी लागते, कारण ती धूळ जाड असते.

यंदाचा नवा फिल्टर आणून ठेवलाय. दसऱ्याच्या आधी पश्चिमेच्या खिडकीची चौकट सुताराकडून बसवून घ्यायची आहे. आईनं कालच सांगितलं, सेन्सरची तार टोचते, तिला कापड शिव.