गांडूळ खतावर एकाच वाफ्यात पालेभाज्या : सहा महिन्यांच्या वापरानंतर

घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात 10 फूट लांब आणि 3 फूट रुंद असे पाच वाफे पाडून सप्टेंबरपासून मी पालक, मेथी, कोथिंबीर आणि शेपू एकत्र घेत आहे. रासायनिक खताचा दाणाही टाकलेला नाही. प्रत्येक वाफ्याला पेरणीपूर्वी सहा किलो गांडूळ खत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड एवढेच दिले.

पहिले पोते उत्तम निघाले. मुठीत दाबल्यावर ढेकूळ होई, बोटाने टोचताच ते सुटे, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा, आणि मधूनमधून मोहरीपेक्षा किंचित मोठ्या, पिवळसर अशा गांडुळांच्या अंडकोषांचे दाणे दिसत. पालकाच्या ओळी फूटभर अंतरावर ठेवून मधल्या पट्ट्यात मेथी पेरली आणि रगडून दोन फाकी केलेले धने व शेपू कडेने टाकले. चौथ्या आठवड्यात मेथी उपटली की पालकाला आपोआप जागा मिळते, हा या पद्धतीचा खरा फायदा आहे. मेथी शेजारच्या पिकाला नत्र (नायट्रोजन) पुरवते असे पुष्कळजण सांगतात; तिच्या मुळांवर हवेतले नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी येतात हे खरे, परंतु आपण ती मुळासकट उपटून जुडी बांधतो, तेव्हा पालकाच्या वाट्याला फारसे काही उरत असेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या पोत्याने मात्र घात केला. त्याच विक्रेत्याकडून घेतलेले हे खत हाताला कोमट लागत होते आणि त्याला कच्च्या शेणाचा वास येत होता, म्हणजे ते पुरते कुजलेले नव्हते. तरीही घाईत ते दोन वाफ्यांत मिसळले. मेथीची रोपे दोन पानांवर असतानाच माना टाकू लागली आणि उकरून पाहिले तर मुळे खाणाऱ्या हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या हाती आल्या. विक्रेत्याचे उत्तर, “पोतं उन्हात राहिलं असेल.” उन्हाने हुमणी येत नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. आता पोते उघडून, हात घालून पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही.

पालकाची पहिली कापणी पस्तिसाव्या दिवशी, जमिनीपासून दोन बोटे वर ठेवून केली. पाने जाड आणि गडद होती. जानेवारीच्या थंडीत तिसऱ्या कापणीनंतर फुटलेली पाने मात्र फिकट आली. सेंद्रिय खतातले नत्र जमिनीतील जिवाणूंनी कुजवल्यावरच पिकाला मिळते आणि थंडीत ते काम मंदावते, त्यामुळे पेरणीच्या वेळी दिलेल्या खतावर पालकाने चार कापण्या द्याव्यात ही अपेक्षाच चुकीची होती. त्यानंतर प्रत्येक कापणीला ओळींमध्ये किलोभर गांडूळ खत पसरून हलकी खुरपणी केली आणि दहापट पाणी घातलेले गांडूळपाणी (गांडूळ खतातून झिरपलेला अर्क) दिले. पंधरवड्यात रंग परतला. कोथिंबिरीला यातले काहीच लागले नाही. मेथीवर मावा एकदाच आला, तो निंबोळी अर्काच्या दोन फवारण्यांत आटोक्यात आला.

खर्चाच्या दृष्टीने पाहता केवळ मेथी-कोथिंबिरीसाठी पोती विकत आणणे मला परवडलेले नाही. पालक नसता तर हिशेब जुळला नसता. म्हणून फेब्रुवारीत आंब्याच्या सावलीत स्वतःचा गांडूळ बेड घातला असून पुढच्या हंगामाचे खत त्यातूनच काढणार आहे.